लागू द्या वेळ

मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं. मुलाची रजा संपली होती, म्हणून त्याने नर्सिंग ब्युरोतून दोन नर्स बोलावल्या. "यातली एक तुझ्यापाशी राहील, आई. कोणती, ते तूच सांग."

"मीच सांगणार. अंग माझं पुसायचंय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. ऑपरेशनपेक्षा त्यांना परक्या हातांची धास्ती जास्त होती.

तेवढ्यात संमतीचा कागद आला. बाईंच्या उजव्या हाताला सलाईन लावलेलं. पहिली नर्स चटपटीत. तिने शाईची डबी उघडून त्यांचा डावा अंगठा हातात घेतलासुद्धा. "उगाच त्रास नको, आजी. अंगठा चालतो."

दुसरीने विचारलं, "आजी, सही करता का?"

"करते की. साठीत शिकले. पण नाव लांब आहे माझं, वेळ लागतो."

"लागू द्या."

तिने चष्मा शोधून पुसून दिला, पलंग डोक्याकडून उचलला, सुईच्या हाताखाली उशी सारली आणि कागद धरून उभी राहिली. बाई एकेक अक्षर काढत गेल्या. सही झाली तरी तिने कागद ओढला नाही. बाईंनी पुन्हा मागे जाऊन 'च'वरचं राहिलेलं टिंब दिलं.

"मग, कोणती?" मुलाने विचारलं.

बाईंनी दुसरीला पेन परत दिलं, पण तिचा हात सोडला नाही.

"त्या पोरीला चहा पाजून पाठव, तीही गुणाची आहे. पण उद्या डोळे उघडेन तेव्हा मला ही दिसू दे."