मुकं रडणं

"आठ दिवस झाले रे राजा, हूं नाही की चूं नाही!" आजी पाळण्यावर वाकून म्हणाली. "एवढा कसला भाव खातोस?"

बाळाने तोंड उघडलं. ओठ थरथरले, चेहरा लालेलाल झाला, मुठी वळल्या. आजी श्वास रोखून वाट बघत राहिली. नेहमीचंच. मुकं रडणं.

तिने त्याला उचलून छातीशी धरलं. एवढंसं अंग, पण भात्यासारखं हलत होतं. बाटली तोंडात दिली तसं निवलं.

बाळाच्या आईला, म्हणजे आजीच्या लेकीला, नववा लागला आणि कोरोना झाला. बाळ तीन आठवडे आधीच आलं. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह, आईचा पॉझिटिव्ह, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याची रवानगी आजीकडे झाली. लेक अजून हॉस्पिटलमध्ये. बोलायला गेली की खोकल्याची उबळ यायची, त्यामुळे तिला फोनवर बोलायला बंदी होती. मेसेज तेवढे चालायचे. जावई जहाजावर, कुठल्याशा बंदरात अडकलेला.

लेकीचा मेसेज आला. 'आई, त्रास देतं का गं बाळ?'

'छे! गुणी आहे अगदी,' आजीने एका बोटाने टाइप केलं.

एरवी थापा मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वाघाला लाटणं दाखवून हाकलल्याची गोष्ट तिने आख्ख्या गल्लीला चारदा ऐकवली होती, आणि दर वेळी वाघ हातभर वाढला होता. पण ही एवढीशी थाप मारताना तिचं बोट अडखळलं. परवा लेक घरी येणार. आल्या आल्या पोराला कुशीत घेणार, आणि मग? पोटात असतानाच त्या मेल्या रोगाने पोराचा गळा धरला असेल तर? फुप्फुसं कच्ची राहिली असतील तर?

तिचा पाय एका जागी ठरेना. खिडकीशी जा, पाळण्याशी ये, परत खिडकीशी. बाहेर सगळं चिडीचूप. गाड्या नाहीत, माणसं नाहीत. टीव्हीवर तेच ते आकडे यायचे म्हणून तिने टीव्हीचं तोंड कधीच बंद केलं होतं. दूधवाला पिशवी दाराशी टाकून पसार व्हायचा. बेलला बोट लावायचीसुद्धा लोकांना धास्ती.

शेजारची सूनबाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मास्कच्या आडून काहीतरी म्हणाली.

"अगं, तो लंगोट खाली कर की तोंडावरचा! चार हात लांब आहेस. काही कळत नाही तुझं."

सूनबाईने मास्क हनुवटीवर ओढला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "म्हटलं, तुम्ही झोपता तरी कशा, आजी?"

"कसली झोप, बाई! डोळ्याला डोळा नाही."

"आमचंही तेच. ह्यांनी तर उशी डोक्यावर घेतली."

आजीला भरून आलं. परक्या पोरासाठी एवढी काळजी! जग अगदीच बुडालेलं नाही म्हणायचं.

"दाखवून या ना डॉक्टरला," सूनबाई हात जोडून म्हणाली. "आजच जा. पाया पडते तुमच्या."

आजी ताबडतोब निघाली. बाळाला दुपट्यात गुंडाळलं, बाटली पिशवीत टाकली, दोन गल्ल्या ओलांडल्या.

लहान मुलांच्या दवाखान्यात खुर्च्या लांबलांब मांडलेल्या. आजी आत शिरताच सगळ्यांच्या माना वळल्या. एका बाईने आपल्या पोरीला जवळ ओढलं. कोपऱ्यातला गृहस्थ उठून बाहेरच गेला. बातमी पसरली वाटतं, आजी मनात म्हणाली. कोरोनावालीचं पोर! काउंटरवरच्या मुलीने तिचं नावसुद्धा विचारलं नाही, सरळ आतल्या दाराकडे हात केला. नंबर कोणाचा, काही नाही. रांगेतला एक माणूस हरकत घ्यायची सोडून मानेनेच 'जा, जा' म्हणाला.

"जा काय! आमचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हटलं!" आजीने त्याला ठणकावलं आणि आत गेली.

डॉक्टरीण बाई मास्क लावून, वर प्लास्टिकची काच लावून बसलेली. आजीने तिला बोलायला फटच ठेवली नाही. नववा महिना, ऑक्सिजन, जहाज, सगळं सांगून टाकलं.

"आणि आता खरं ते सांगते. पोर रडत नाही, बाई. जन्मापासून एकदा नाही. तोंड उघडतं, जीव काढतं, पण आवाज म्हणून नाही. परवा याची आई येईल. तिने नऊ महिने काय काय भोगलंय... तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

डॉक्टरीण बाईने बाळाकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. मग पुन्हा बाळाकडे. बाळाची छाती तपासली, घसा पाहिला, वजन केलं. नळी कानांना लावली आणि झटकन काढली. मग ती उठून आजीच्या पाठीमागे गेली. कपाटातून काहीतरी काढत असावी.

"काय असेल ते स्पष्ट सांगा," आजी समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "मी घट्ट मनाची आहे. वाघ पाहिलेली बाई आहे मी."

डॉक्टरीण परत समोर आली. तिने कागद ओढला, मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि आजीपुढे सरकवला. आजीने चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरला आणि वाचला.

'फुप्फुसं ठणठणीत आहेत, आजी. दारातून आत आल्यापासून बाळ टाहो फोडतंय. अजून थांबलेलं नाही.'