गॅलरीतून दिसणारा डोंगर

कासव खाली सरकलं होतं.

थोरलीने स्कॅनरचं झाकण उघडलं, स्लाइड काढली, रबरी फुग्याने तिच्यावरची धूळ उडवली आणि परत आत ठेवली. यंत्र घरघरलं. स्क्रीनवर चित्र वरून खाली उतरत आलं. आकाश, डोंगर, उतारावरचा तो कासवासारखा खडक, आणि त्याच्याखाली, ओढ्यापलीकडे, धाकट्या बहिणीच्या सासरचं लाल छप्पर.

बाबा गेल्यावर कपाटातून स्लाइडींचे डबेच्या डबे निघाले होते. सगळे डोंगराचे. माणसांचे फोटो काढायचा त्यांना भारी कंटाळा. "माणसं हलतात," म्हणायचे, "डोंगर बरा, गप्प बसतो." दर हिवाळ्यात याच गॅलरीतून, याच डोंगराचा फोटो. ट्रायपॉडची जागा तसूभरही बदलू नये म्हणून त्यांनी फरशीत तीन भोकं पाडून घेतली होती. आई त्यावरून किती दिवस धुसफुसत होती.

जुन्या स्लाइडींचा रंग उडून सगळं गुलाबी पडलं होतं. रंग जुळवायला म्हणून थोरलीने दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, एक पहिल्या डब्यातला, एक शेवटच्या. पहिल्यात खडक आणि छप्पर यांच्यामध्ये गवताचा चांगला रुंद पट्टा होता. शेवटच्यात खडक छपराला टेकायला आला होता. तिने मधले फोटो लावून पाहिले. दर फोटोत पट्टा थोडा बारीक होत गेलेला. ती गॅलरीत धावली. रोज चहा पिताना जे दिसायचं तेच समोर होतं, पण तिने ते आज पहिल्यांदा पाहिलं. गवत संपलं होतं. कासवाचं पोट छपरावर टेकलं होतं.

"कासवच ते," नवरा म्हणाला. "चालायचंच."

तिने वळून नुसतं पाहिलं. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. बाहेर पाऊस धरून होता. आठवडाभर ओढा गढूळ होऊन वाहत होता.

तिने फोन लावला.

"धाकटे, मुलींना घे आणि आत्ताच्या आत्ता इकडे ये."

"ताई, अगं पोळ्या लाटतेय मी. झालंय काय?"

"गॅस बंद कर आणि नीघ. तुझ्या डोक्यावर डोंगर येतोय."

धाकटीचा नवरा परगावी होता. ती पूल ओलांडून आली, एका हाताला एक मुलगी, दुसऱ्या हाताला दुसरी, आणि तोंडाने ताईचा उद्धार चालू. थोरलीच्या घराचं दार उघडेना. पावसाने लाकूड फुगलंय म्हणत थोरलीच्या नवऱ्याने आतून जोर लावला तेव्हा कुठे ते उघडलं. स्क्रीनवरचे फोटो धाकटीने एकामागून एक पाहिले. तिने मुलींना पोटाशी ओढलं.

"मी रोज त्याच्याखाली निजवत होते गं यांना."

"आता नाही ना. आता माझ्याकडे आहात," थोरली म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती रात्र दोघी बहिणी कान देऊन पडून होत्या. ओढ्यात दगड गडगडला तरी दोघी उठून बसायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीच्या नवऱ्याच्या ओळखीचे एक इंजिनियर आले. दरडींचा अभ्यास हेच त्यांचं काम. आधी ते पलीकडे जाऊन डोंगर चढून आले. परतले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि कपाळाला आठी.

"खडकाच्या बुडाशी जुनं झाड आहे," ते म्हणाले. "सरळसोट वाढलंय. मातीला कुठे भेग नाही. हा खडक कित्येक वर्षं जागचा हललेला नाही."

"मग बाबांचे फोटो काय खोटं बोलतात?" थोरलीचा आवाज चढला. तिने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

त्यांनी एकेक फोटो पाहिला. मग मागे जाऊन पुन्हा पाहिला.

"हे कुठून काढलेत?"

"इथूनच, गॅलरीतून. कॅमेऱ्याची जागा कधी बदलली नाही. फरशीत भोकं आहेत, बघा हवं तर."

ते गॅलरीत गेले, त्या भोकांपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. आतल्या खोलीत मुली पलंगावर उड्या मारत खिदळत होत्या. धाकटी दारात उभी होती. कालपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैलावला होता.

"ताई, जरा इकडे या," ते म्हणाले. "कठड्याला धरून उभ्या राहा. खडकाकडे बघा. आता हळूच गुडघ्यात वाका."

थोरली वाकली. छप्पर वर चढलं आणि कासव त्याच्या आड बुडालं. ती उभी राहिली. कासव वर आलं. ती पुन्हा वाकली. कासव पुन्हा बुडालं. तिने कठडा गच्च धरला.

इंजिनियर उठले. त्यांनी आवाज मुद्दाम खाली ठेवला होता.

"आधी त्या मुलींना उड्या थांबवायला सांगा," ते म्हणाले. "आणि सगळे पलीकडे धाकट्या ताईंच्या घरी चला. डोंगर खाली येत नाहीये. तुमचं घर खाली चाललंय."