भरपाईचं घड्याळ

लिंबायतच्या कापड कारखान्यात लूमने हिलालचा डावा हात कोपरापासून नेला, तेव्हा शेठ भरपाई म्हणून घड्याळ घेऊन आला. तेही मनगटी.

"ऑटोमॅटिक आहे," तो कौतुकाने म्हणाला. "चावी नको, सेल नको. हात हलत राहिला की आपोआप चालतं."

हिलालने ते उजव्या हातालाही बांधू दिलं नाही. कारखान्यातही तो परत गेला नाही. त्याच्या बायकोने, लताने, ते कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं.

महिन्याने कपाट उघडलं, तर घड्याळ चालू होतं. वेळही बिनचूक.

लता ते पर्वत पाटिया भागातल्या घड्याळवाल्याकडे घेऊन गेली. तो हसला. "बेन, घर में कोई पहनता होगा. पडी रहे तो दो दिन में बंद."

दिवाळीत कारखाना बंद झाला, तसं घड्याळही थांबलं. सुट्टी संपून लूम धडधडू लागले, त्याच दुपारी तेही पुन्हा चालू झालं.

आज संध्याकाळी लताने ते हातात घेतलं. चामड्याचा पट्टा घामाने ओला होता आणि बकलात सुताचे ताजे तंतू अडकले होते.

तेवढ्यात खाटेवरून हिलालची थकलेली हाक आली.

"जराक डावा हात दाबी दे वं. आज पाळी भलती जड गई."