सहाव्या तुकड्याचं फाटक

फोन वाजला तेव्हा म्हातारा खुणेची काठी गवतात रोवून वाकून बघत होता. गुडघ्याखाली चार बोटं. म्हणजे सहाव्या तुकड्याला अजून दोन दिवस तरी गायींचा दात लागू द्यायचा नव्हता. कुरणाचे आठ तुकडे, एक चरून झाला की पुढचा, आणि चरलेल्याला पुरती विश्रांती. चाळीस वर्षांत हा क्रम त्यानं कधी मोडला नव्हता.

तारेपलीकडे पाचव्यात गायी होत्या. त्यातली मुकादमीण नावाची गाय मान लांब करून त्याचा शर्ट चाटत होती. खिशाचं बटण जिभेनं सोडवून आतला पाव पळवायची तिची जुनी खोड. "अगं, थांब जरा," म्हणत त्यानं फोन कानाला लावला.

लेक बोलत होती, शहरातल्या दवाखान्यातून, भावाच्या उशाशी बसून. ती रडत नव्हती, तेव्हाच त्याला कळलं. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"त्याला तुमच्याशी बोलायचंय, बाबा. आज तरी फोन ठेवू नका."

चार वर्षांत बाप मुलाशी बोलला नव्हता, आणि का, ते सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी पाचव्यातून सहाव्यात जायचं फाटक सताड उघडं सापडलं. सहाव्यात लसूणघास, कोवळा, दवानं भिजलेला. उपाशी गायीनं तो पोटभर खाल्ला की पोटात वायू कोंडतो, डावी कूस ढोलासारखी फुगते आणि घटकाभरात खेळ खलास. बापलेक धावत पोचले तेव्हा अकरा गायी आडव्या पडल्या होत्या. कुशीत खुपसून वायू सोडायची नळी घरात एकच. आधी कुणाला वाचवायचं? म्हातारा थांबला नाही, मुकादमिणीकडे धावला. ती कळपाची पुढारी. ती चालली की बाकीच्या मुकाट मागे. मुलानं तिचं डोकं दाबून धरलं, बापानं नळी खुपसली. ती वाचली. दुसरीपर्यंत पोचायला मात्र उशीर झाला होता. दहा गायी गेल्या.

आदल्या संध्याकाळी ते फाटक लावायचं काम मुलाचं होतं. आकडी लावली होती, असं तो शपथेवर सांगत राहिला.

"मग काय भुतानं उघडली?" म्हातारा म्हणाला.

म्हातारीनं एकदाच, हळूच विचारलं होतं, की त्या संध्याकाळी काठी घेऊन तुम्हीही तिकडे गेला होतात ना? तो असा उखडला की तिनं पुन्हा विषय काढला नाही. गेला होता खरा, पण काठी तारेवरूनच टाकून उंची बघितली होती. फाटकाला त्याचा हातही लागला नव्हता. नव्हताच लागला. अलीकडे त्याला ते स्वतःला वरचेवर सांगावं लागायचं.

त्याच दुपारी त्यानं आठही फाटकांना कुलपं घातली आणि किल्ल्या कमरेला लावल्या. मुलानं ती कुलपं पाहिली आणि बॅग भरली.

"बाबा," फोनमधला आवाज ओळखू येत नव्हता.

म्हाताऱ्यानं सगळा जीव गोळा केला. "झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

मुलगा धापा टाकत म्हणाला, "माफी नकोय मला. एवढंच म्हणा, की आकडी लावली होतीस."

शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पोर मरणाच्या दारात, आणि मागून मागितलं काय, तर एक वाक्य! पण आयुष्यात खोटं बोललो नाही, हा म्हाताऱ्याचा ताठा होता, आणि तो ताठा आज नेमका घशात आडवा आला. मुलगा वाट बघत राहिला. मग लेकीनं फोन बंद केला.

संध्याकाळी दूध काढायच्या वेळी निरोप आला.

मुलाला पोचवून नवरा-बायको तिसऱ्या दिवशी परत आली. वाटेत म्हातारी त्याच्याकडे पाठ करून बसली. पहाट झाली तशी तो सवयीनं उठला. गायींना थोडंच कुणाचं दुःख कळतं. पाचवा तुकडा चरून संपला होता. सहाव्याच्या गवतावर दव चमकत होतं. ऊन तापेपर्यंत ते फाटक उघडायचं नव्हतं.

तरी तो पाचव्यातून फाटकापाशी गेला. कुलूप हातात धरून उभा राहिला. हे कुणासाठी होतं? ज्याच्यावर भरवसा नव्हता, तो तर आता कुठेच नव्हता. त्यानं कुलूप काढलं आणि चरात फेकून दिलं. फाटकाचं लोखंड गंजून लाल झालं होतं, आकडी तेवढी चकचकीत. पूर्वीसारखी नुसती आकडी लावून त्यानं दोनदा फाटक ओढून बघितलं. पक्कं होतं.

खांबाला कपाळ टेकवून तो रडला. आता ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून की काय, शब्द सुटले.

"लावली होतीस, बाळा. तू आकडी लावली होतीस."

आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलला, आणि तेही वेळ निघून गेल्यावर.

मागून कुणीतरी ढुशी दिली. मुकादमीण होती. तिनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं, आकडीखाली जीभ घालून ती अलगद वर उचलली, कपाळानं फाटक ढकललं आणि दवानं भिजलेल्या लसूणघासात शिरली.