दाराला लावलेला कान

आमच्या ह्यांनी तीस वर्षं कारखान्याच्या गेटवर लोकांच्या पिशव्या तपासल्या; संशय अंगात भिनलेला. सूनबाई शीख गुरूंची वाणी समजून घेणाऱ्या ऑनलाइन गटात सामील झाली. रोज सकाळी चपला बाहेर काढायची, डोक्यावर ओढणी घ्यायची आणि खोलीचं दार लावून बसायची.

"आडनाव विचारत नाहीत, पैसे मागत नाहीत. मग ह्या लोकांना हवंय तरी काय? कुठंतरी पाणी मुरतंय!" असं म्हणत हे रोज दाराला कान लावू लागले.

महिन्याभरानं तिनं अचानक दार उघडलं.

"पेपर शोधत होतो," हे दचकून म्हणाले.

तिच्या चपलांशेजारी ह्यांच्या चपला होत्या. डोक्यावर रुमाल, घट्ट गाठ मारलेला.

"पेपर आतच आहे, बाबा," ती म्हणाली. तिच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची केव्हाचीच मांडलेली होती.