एकही प्रश्न कोरा नाही

"चार गुणांनी गेलं, शिवांजली," क्लासचे सर हळू आवाजात म्हणाले. "वयात बसणारी एनडीएची ही शेवटचीच परीक्षा होती. चुकलं की गुण कापतात, ठाऊक होतं ना? मग बारा उत्तरं अंदाजानं का ठोकलीस? कोरी सोडली असतीस तर निघाली असतीस गं."

फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदार बापानं तिच्याकडून लहानपणापासून घोकून घेतलं होतं, विचारलं की उत्तर द्यायचं, गप्प राहतो तो शिपाई नव्हे.

घरी तिचे वडील, आबा, दारातच उभे होते. तीन वर्षं पहाटे ती धावताना तिच्यामागं सायकल हाणून त्यांचे गुडघे सुजले होते.

"कुठं कमी पडलं, बाळा?"

"गणित कच्चं राहिलं, आबा." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आपल्या तालमीत कसर नव्हती, म्हणून आबांना जरा हायसं वाटलं. त्यांनी धाकटीला हाक मारली. "तने, तुला आत्तापासूनच गणिताचा क्लास लावू. बाकीचं मी ताईसारखंच घोकून घेतो."

धाकटी हरखून वही आणायला पळाली. शिवांजली थकून उंबऱ्यावरच टेकली.

"आबा, जरा खाली बसा," ती म्हणाली. "सर काय म्हणाले, ते आधी ऐका."