थोरली आली त्या दिवशी

"तिला काय खायला आवडतं, ते विचार," आई नादेजच्या कानात म्हणाली.

नादेजला कळेना, स्वतःच्या मुलीची आवड आईने आपल्याला का विचारायला लावावी. बाहेर सोफ्यावर बसलेली रोझलीन आईचीच तर थोरली. हैती सोडून मायामीला येताना आई तिला आजीकडे ठेवून आली होती. तिची कागदपत्रं होईपर्यंत इकडे नादेज जन्मून पंधरा वर्षांची झाली, आणि आज विमानातून उतरली ती एक उंच, परकी बाई.

नादेजने हैतीच्या क्रेओल भाषेत, मोडकंतोडकं विचारलं.

"काहीही चालेल," रोझलीन म्हणाली. "बाईंना त्रास नको."

ती आईला बाई म्हणाली. नादेजला आईची कीव आली, आणि बरंही वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. तिचं तिलाच काही उमजेना.

"तू त्यांना काय म्हणतेस?" रोझलीनने हळूच विचारलं.

"मम्मा."

"मी तसं म्हटलं तर तुला चालेल?"

नादेजने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला सांगता आलं नसतं. रोझलीनने तो होकार धरला. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मम्मा?"

आई पाठमोरी उभी राहून केळी तळत होती. "काय गं नादेज?" तिने सवयीने विचारलं.

उत्तर नादेजच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, आणि आई वळून बघेपर्यंत ती गप्प राहिली.